मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा : वर्षभर राहण्यासाठी देश निवडताना

परदेशात वर्षभर राहायचे ठरले की बहुतेक जण आधी मनातला देश निवडतात आणि मग तिथे राहण्याची परवानगी कशी मिळेल याच्या मागे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणता देश आपल्याला सलग बारा महिने कायदेशीरपणे राहू देतो, हे आधी पाहावे आणि त्या मोजक्या देशांतून आपल्या रोजच्या दिनक्रमाला मानवेल असा देश निवडावा. मी आणि माझे यजमान याच रीतीने मॉरिशसपर्यंत पोहोचलो आणि तिथल्या प्रीमियम व्हिसावर वर्षभर राहून परतलो. माझी नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे व काम पूर्णपणे घरून चालते. यजमान लेखापरीक्षणाची कामे स्वतंत्रपणे घेतात आणि त्यांचे सर्व अशील भारतातच आहेत. आमच्यासारखी परिस्थिती असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून हा व्हिसा आणि त्यावरचे वास्तव्य, या दोहोंचे परीक्षण येथे करीत आहे.

पर्यायांचा विचार करताना प्रथम जी नावे समोर येतात, त्यांतली बरीचशी आपल्यासाठी नसतातच. जॉर्जिया हा देश अनेक राष्ट्रांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय वर्षभर राहू देतो, पण त्या यादीत भारत नाही. जपानने मार्च २०२४ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी व्हिसा सुरू केला, मात्र तो सहा महिन्यांचाच आहे, त्यासाठी वर्षाला एक कोटी येनचे उत्पन्न लागते आणि पात्र देशांच्या यादीत आपण नाही. ब्रिटनची तरुण व्यावसायिकांसाठीची योजना २०२३ पासून भारतीयांना खुली आहे व तिच्यात दोन वर्षे राहून कामही करता येते. परंतु वय १८ ते ३० असावे लागते, वर्षाला ३,००० जागा असतात आणि निवड सोडतीने होते. ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा २०२४ पासून भारतीयांना मिळू लागला, त्याच्याही वर्षाला १,००० जागा, सोडत आणि तीच वयाची अट. ज्याचे वय बसते त्याने या दोन्ही सोडतींत नाव जरूर घालावे, कारण तिथे स्थानिक नोकरी करता येते आणि तो लाभ इतर कुठल्याच पर्यायात नाही. आम्ही दोघेही चाळिशीच्या पुढचे असल्याने तो मार्ग आमच्यासाठी बंद होता.

उरलेल्यांत थायलंड, मलेशिया, पोर्तुगाल आणि मॉरिशस यांची आम्ही बारकाईने तुलना केली. थायलंडने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेला व्हिसा पाच वर्षे वैध असतो, पण एका प्रवेशावर १८० दिवसच राहता येते आणि पुढे मुदतवाढ घ्यावी लागते किंवा देशाबाहेर जाऊन परत यावे लागते. शिवाय पाच लाख बाट खात्यात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मलेशियाची ‘डी रांताऊ’ योजना माहिती-तंत्रज्ञानातल्या लोकांसाठी उत्तम आहे, वर्षाला २४,००० अमेरिकी डॉलर उत्पन्न असले की बारा महिन्यांचा परवाना मिळू शकतो, मात्र लेखापरीक्षणासारख्या व्यवसायांसाठी उत्पन्नाची अट खूपच वर जाते. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागते. २०२५ मध्ये ही रक्कम ३,४८० युरो होती. तेवढे उत्पन्न असूनही भारतातले अशील सांभाळायचे, तर लिस्बनमध्ये पहाटे चार-पाचला कामाला बसावे लागते. हा शेवटचा मुद्दा लोक फार हलक्यात घेतात. आठवड्याच्या सहलीत वेळेचा फरक सोसतो. वर्षभर झोपेची वेळ दुसऱ्या देशाच्या घड्याळावर बांधलेली राहिली, तर परदेशात राहण्याचे सुख उरत नाही.

मॉरिशस भारताच्या दीड तास मागे आहे. पुण्यात साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे आठ असतात आणि भारतीय कचेरीचा दिवस संपतो तेव्हा तिथे पाच वाजलेले असतात. आमच्या दृष्टीने निवडीचा निम्मा भाग इथेच संपला. उन्हाळ्यात सात वाजेतोवर उजेड असतो आणि बेट इतके लहान आहे की काम आटोपून समुद्रावर जाऊन येणे हा रोजचा कार्यक्रम होऊ शकतो. युरोपातल्या ग्राहकांबरोबर काम करणाऱ्यांनाही ही वेळ सोयीची पडते, कारण लंडनची सकाळ म्हणजे तिथली दुपार. अमेरिकेशी रोज बोलावे लागत असेल, तर मात्र रात्रीची जागरणे भारतातल्यासारखीच राहतात.

आता व्हिसाविषयी. कोविडच्या काळात पर्यटन थांबल्यावर, २०२० च्या अखेरीस मॉरिशस सरकारने हा प्रीमियम व्हिसा सुरू केला. तो एक वर्षाचा असतो आणि त्याचे नूतनीकरण होऊ शकते. मुख्य अटी सोप्या आहेत : उत्पन्नाचे साधन मॉरिशसबाहेर असावे, तिथल्या नोकरीच्या बाजारात शिरू नये, दरमहा किमान १,५०० अमेरिकी डॉलरचे उत्पन्न दाखवता यावे, राहण्याच्या जागेची माहिती, प्रवास व आरोग्य विमा आणि परतीचे तिकीट असावे. जोडीदार व मुलांना सोबत नेता येते. अर्ज ऑनलाइन करायचा असतो व आम्ही केला तेव्हा त्याला शुल्क नव्हते. मध्यस्थाची गरज कुठेही भासली नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. कारण याच अर्जासाठी भरमसाट रक्कम सांगणारे सल्लागार आपल्याकडे भेटतात आणि त्यांनी जे करायचे ते कोणत्याही सुशिक्षित माणसाला एका संध्याकाळी करता येते. अशा योजनांच्या अटी आणि शुल्क सरकारच्या वार्षिक अर्थसंकल्पाबरोबर बदलू शकतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर जे लिहिलेले असेल तेच प्रमाण मानावे.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ लागतो तो आपल्याच कंपनीकडून पत्र मिळवायला. ‘सदर कर्मचारी मॉरिशसमधून दूरस्थ काम करू शकते व तिचे वेतन भारतात दिले जाते’ अशा अर्थाचे दोन ओळींचे पत्र लागते, पण ते देण्यापूर्वी कंपनीचा मनुष्यबळ विभाग, विधी विभाग आणि माहिती-सुरक्षा विभाग या तिघांची संमती घ्यावी लागते. ग्राहकांची माहिती देशाबाहेर नेण्यास मनाई असलेले अनेक करार असतात. त्यामुळे व्हिसाची चौकशी करण्याआधी स्वतःच्या कंपनीत चौकशी करावी. स्वतंत्र व्यावसायिकांना बँकेची विवरणे, प्राप्तिकर विवरणपत्र आणि अशिलांबरोबरचे करार जोडले की पुरते; यजमानांचा अर्ज माझ्यापेक्षा सहज झाला.

व्हिसाला मी पूर्ण गुण देईन. देशाला देताना मात्र घर कुठे घेतले, यावर बरेच अवलंबून राहते.

मुख्य बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटर आहे, पण त्यात हवामानाचे तीन-चार वेगळे पट्टे सामावलेले आहेत आणि छायाचित्रे पाहून घर घेणाऱ्याला ते कळत नाहीत. उत्तरेचे ग्राँ बे आणि पश्चिमेचे फ्लिक-आँ-फ्लाक, तामारें हा भाग कोरडा व उबदार आहे; परदेशी पाहुणे बहुतांशी इथेच राहतात आणि भाडीही त्याच हिशेबाने असतात. पूर्वेला बेल मारच्या बाजूला आग्नेयेचे वारे वर्षातला बराच काळ वाहतात, जे पतंगासारखी शिडे घेऊन लाटांवर खेळणाऱ्यांना हवेहवेसे वाटतात आणि गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्यांना नकोसे होतात. मधल्या पठारावर क्युरपिप, वाक्वा, फिनिक्स, कात्र बोर्न, रोझ हिल ही गावे जवळजवळ एकमेकांना चिकटून आहेत. क्युरपिप साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि तिथला पाऊस महाबळेश्वरची आठवण करून देतो. डब्यातला पापड दोन दिवसांत सादळतो, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये रात्री पांघरूण घ्यावे लागते. ज्यांना दमा आहे किंवा सांधे दुखतात, त्यांनी क्युरपिपचे स्वस्त घर पाहून मोहात पडू नये.

आम्ही सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावर राहिलो आणि नंतर कात्र बोर्नला घर बदलले. किनाऱ्यावरचे घर देखणे होते, समुद्र पायी अंतरावर होता, पण शेजारची निम्मी घरे सुट्टीपुरती उघडत आणि वाणसामानासाठी गाडीशिवाय चालत नसे. कात्र बोर्नला समुद्र दिसत नाही. त्याऐवजी बाजार, दवाखाना, बेकरी, बँक आणि मेट्रोचे स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर मिळाले. वर्षभराच्या वास्तव्यात मला हा बदल फार मोलाचा वाटला. ही मेट्रो भारताच्या आर्थिक साहाय्याने लार्सन अँड टुब्रो कंपनीने बांधली. राजधानी पोर्ट लुई ते रोझ हिल हा पहिला टप्पा २०२० मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये ती क्युरपिपपर्यंत पोहोचली. पठारावर राहणाऱ्याला राजधानीत जाण्यासाठी गाडीची गरज आता उरलेली नाही. किनाऱ्यावर राहायचे असेल तर गाडीचे भाडे खर्चात धरूनच हिशेब करावा. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, एवढी सोय आहे.

घराच्या करारात एक गोष्ट सांभाळावी. तिथे घरात शिरताना व घर सोडताना भिंती, नळ, भांडी, गाद्या यांच्या स्थितीची सविस्तर यादी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी केली जाते आणि अनामत रकमेचा निवाडा त्या यादीवर होतो. आमच्या पहिल्या घराच्या वेळी दलालाने ही यादी घाईने उरकली आणि आधीपासून गंजलेल्या खिडकीच्या बिजागऱ्यांचे पैसे आमच्या अनामतीतून कापले गेले. समुद्रकाठी लोखंड गंजतेच. म्हणून प्रत्येक खोलीची छायाचित्रे तारखेसह काढून त्याच दिवशी ईमेलने दलालाला व मालकाला पाठवावीत. घर पाहताना गच्चीवर पाण्याची टाकी आहे का, हेही विचारावे. सप्टेंबर ते डिसेंबर या कोरड्या महिन्यांत जलाशय खाली जातात आणि पाणीपुरवठ्याच्या वेळा ठरवून दिल्या जातात. पुणे-मुंबईत वाढलेल्यांना याचे नवल वाटणार नाही, पण बेटावर पाणी कायम असेल असे गृहीत धरू नये.

इंटरनेटच्या बाबतीत मॉरिशसने मला पूर्ण समाधान दिले. ऑप्टिकल फायबर देशभर पोहोचलेली आहे, जोडणीसाठी अर्ज केल्यावर ती वेळेत मिळाली आणि व्हिडिओवरच्या बैठका अडखळल्याशिवाय झाल्या. एबेनच्या सायबरसिटी परिसरात सामायिक कार्यालये आहेत, पण कात्र बोर्नच्या घरी जोडणी चांगली असल्याने आम्हाला त्यांची गरज पडली नाही. विजेची उपकरणे आपल्याच दाबावर चालतात, फक्त ब्रिटिश धाटणीचे तीन चौकोनी पिनांचे प्लग सोबत न्यावेत.

खाण्यापिण्याविषयी जरा सविस्तर लिहिणे योग्य ठरेल, कारण वर्षभर राहताना घरचे जेवण घरच्या पद्धतीने करता येते की नाही, यावर मनाचे स्वास्थ्य अवलंबून असते. कात्र बोर्नच्या शनिवारच्या भाजीबाजारात पहिल्यांदा गेले तेव्हा एका आजीबाईंच्या फळीवर अळूची पाने, शेवग्याचा पाला, दोडकी, कारली, भेंडी, लाल भोपळा आणि कोथिंबिरीच्या जुड्या ओळीने मांडलेल्या होत्या. तिथे अळूला ‘ब्रेद साँज’, शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरूम’, कारल्याला ‘मार्गोझ’ आणि भेंडीला ‘लालो’ म्हणतात, ही नावे पाठ झाली की बाजार सोपा होतो. आजीबाई पाने निवडून देताना देठ हाताने मोडून पाहत आणि कोवळे नसेल तर स्वतःच बाजूला ठेवत. आठवड्यागणिक त्यांनी मला घसा न खवखवणारे अळू कोणते, ते ओळखायला शिकवले. डाळी, तांदूळ, पोहे, हिंग, मोहरी सहज मिळतात. ज्वारी-बाजरीचे पीठ मात्र शोधावे लागते आणि मिळाले तरी जुने असते. भाकरीवाल्या घरांनी जाताना सोबत नेलेले बरे. बाहेर खायचे तर रस्त्याकडेच्या गाडीवरची धोल पुरी खावी : चण्याच्या डाळीचे सारण भरलेल्या दोन मऊ पातळ पोळ्या, त्यात मोठ्या घेवड्याच्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचा रुगाय म्हणजे घट्ट रस्सा आणि मिरचीची चटणी, आणि हे सगळे कागदात गुंडाळून हातात येते. शाकाहारी माणसाला देशभर कुठेही, कुठल्याही वेळी पोटभर व स्वस्त मिळणारे हे जेवण आहे. डाळीचे छोटे वडे, म्हणजे गातो पिमाँ, पावात घालून सकाळी खातात. वडापाववर वाढलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा परदेशात दुसरा कोणता मिळणार?

आयात मालाच्या किमती मात्र जड जातात. दूध, चीज, सफरचंदे, धुण्याची पावडर, औषधे असे बरेच काही बाहेरून येते. शिवाय मॉरिशसचा रुपया भारतीय रुपयापेक्षा बराच महाग असल्याने पाटीवरची रक्कम लहान वाटली तरी खर्च लहान नसतो. आमचा मासिक खर्च पुण्यातल्यापेक्षा बराच जास्त झाला आणि त्यातला मुख्य वाटा घरभाड्याचा होता. पठारावर राहून, बाजारातली भाजी आणून, मेट्रो-बसने फिरून मध्यम उत्पन्नाच्या जोडप्याला हे वर्ष निभावता येते. समुद्रासमोरचे घर, गाडी आणि रोजचे उपाहारगृह हे तिन्ही हवे असेल तर युरोपीय उत्पन्न लागेल.

पैशांच्या व्यवहाराचे दोन भाग आहेत. पहिला रोजचा : फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय व रुपे सुरू झाले आहे, काही मोठ्या दुकानांत त्याने पैसे देता येतात, पण भाजीबाजार व बससाठी रोख रक्कम लागतेच. दुसरा भाग कराचा आहे आणि तो निघण्यापूर्वीच समजून घ्यावा. मॉरिशसचे करवर्ष जुलै ते जूनचे असते आणि त्यात १८३ दिवस राहिलेला माणूस तिथला करनिवासी ठरतो. प्रीमियम व्हिसाधारकाचे बाहेरचे उत्पन्न तो ते मॉरिशसमध्ये आणतो तेवढ्यापुरतेच तिथे करपात्र असते आणि परदेशी बँकेच्या कार्डाने तिथे केलेला खर्च असे आणणे मानला जात नाही. म्हणजेच स्थानिक खात्यात पैसे मागवणे आणि भारतीय कार्डाने खर्च करणे, या दोन्हींचे करपरिणाम वेगळे आहेत. भारतात तर भारतीय खात्यात जमा होणाऱ्या पगारावर आपण इथे राहत असलो किंवा नसलो तरी सहसा कर लागतो, त्यामुळे ‘अनिवासी झालो की कर वाचेल’ हा समज नोकरदारांनी मनातून काढून टाकावा. बँकेतून परदेशी रक्कम पाठवताना वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर स्रोतावर करवसुली (टीसीएस) होते; ती विवरणपत्रात परत मागता येते, पण तोवर पैसा अडकून राहतो. यजमान याच क्षेत्रातले असल्याने आमचे काम सोपे झाले. इतरांनी दोन्ही देशांचे करार जाणणाऱ्या लेखापालाचा सल्ला घेण्यावर खर्च करावा. सल्लागारावर खर्च करायचाच असेल तर तो इथे सार्थकी लागतो.

नोव्हेंबरपासून पुढचे पाच-सहा महिने चक्रीवादळांचे असतात. वाक्व्याची हवामान संस्था धोक्याचे इशारे पहिल्यापासून चौथ्या श्रेणीपर्यंत देते आणि तिसरी श्रेणी लागली की कचेऱ्या, बस सर्व बंद होते व लोकांनी घरातच राहायचे असते. कोकणात वादळे पाहिलेल्या माणसालाही तिथली शिस्त पाहून बरे वाटेल. दुसऱ्या श्रेणीची बातमी येताच शेजाऱ्यांनी येऊन आमच्या खिडक्यांची दारे कशी अडकवायची ते दाखवले, गच्चीवरच्या कुंड्या खाली आणायला लावल्या आणि बादल्या, घंगाळी भरून ठेवायला सांगितले. ज्यांचे काम एक दिवसही थांबवता येत नाही त्यांनी या महिन्यांत वीज व इंटरनेट जाईल हे गृहीत धरून कंपनीला आधीच कल्पना द्यावी. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ या वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगल्या होत्या. राजधानीच्या सखल भागात घर घेऊ नये, असे स्थानिक लोक सांगतात ते याच अनुभवामुळे.

आरोग्य विमा हा अर्जाचा एक रकाना म्हणून भरू नये. खासगी दवाखाने चांगले आहेत आणि डॉक्टर बहुधा फ्रेंच व इंग्रजी दोन्ही सहज बोलतात, परंतु दाखल करून घेताना आगाऊ रक्कम किंवा विमा कंपनीचे हमीपत्र मागतात. सर्वांत स्वस्त प्रवास विम्यात मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीचे आजार वगळलेले असतात. वर्षभर राहायचे तर ते समाविष्ट असलेला विमा घ्यावा, मग भले हप्ता दुप्पट होवो.

भाषेची अडचण फारशी येत नाही. सरकारी कागद इंग्रजीत असतात, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि घरोघरी क्रेओल ही फ्रेंचवरून घडलेली स्थानिक भाषा बोलली जाते. हिंदी अनेकांना समजते. तरीही इंग्रजीवर वर्ष काढणारा माणूस पाहुणाच राहतो. क्रेओलचे व्याकरण सोपे आहे, क्रियापदांची रूपे फारशी बदलत नाहीत, आणि तोडकेमोडके बोलायला लागल्यापासून बसमध्ये, बेकरीत, शेजारी लोक आमच्याशी वेगळ्याच आपुलकीने बोलू लागले. संध्याकाळी सहानंतर मात्र गावे शांत होतात, पठारावरची बरीच दुकाने गुरुवारी दुपारीच बंद होतात आणि रविवारी दुपारनंतर तर सारे स्तब्ध असते. नाटक, मैफल, पुस्तकांची दुकाने यांची सवय असलेल्याला ही उणीव जाणवते, मला ती सतत जाणवली. ज्याला शहराची रात्र हवी त्याने क्वालालंपूर निवडावे.

मराठी माणसासाठी मात्र या देशात असे काही आहे जे वर उल्लेखिलेल्या एकाही पर्यायात मिळत नाही. १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांवर आणले गेले, त्यांत रत्नागिरीच्या बाजूचे लोकही होते आणि त्यांची आजची पिढी स्वतःला आवर्जून मराठी म्हणवते. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. सरकारी शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण मिळते. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात आम्ही गणपतीला गेलो होतो. घरातल्या तरुण मुली आपसांत क्रेओल बोलत होत्या, पण आरतीला उभ्या राहिल्या तेव्हा ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ सर्व कडव्यांसह म्हणाल्या. नंतर अंगणात झाकडीचा फेर धरला गेला, पायांचा ठेका ऐकून माझ्या यजमानांना आपल्या आजोळच्या संगमेश्वरातले नमन-खेळे आठवले आणि त्या घरातल्या काकांनी त्यांना हाताला धरून फेरात ओढले. दीडशेहून अधिक वर्षे समुद्रापार राहून जपलेली ही गोष्ट पाहताना मन भरून आले. कुणी मला विचारले की वर्षभरासाठी मॉरिशसच का, तर वेळ, व्हिसा आणि इंटरनेट यांच्या बरोबरीने मी हेही कारण सांगेन.

ज्यांना परदेशात राहून तिथली नोकरी मिळवायची आहे, त्यांनी या व्हिसाचा विचार करू नये. त्यासाठी वेगळा ऑक्युपेशन परमिट असतो आणि त्याच्या अटी निराळ्या आहेत. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी लक्षात घ्यावे की मॉरिशसचे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि आंतरराष्ट्रीय शाळांची फी आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या तशाच शाळांइतकी किंवा अधिक असते. माहिती-तंत्रज्ञान, लेखन, भाषांतर, लेखापरीक्षण, रेखांकन अशी घरून होणारी कामे करणारे, भारतीय वेळेला बांधलेले आणि शांतपणे राहू इच्छिणारे जे कोणी असतील, त्यांना मी या व्हिसाची निःशंकपणे शिफारस करते.

मुले सोबत नसतील तर जाण्यासाठी मे महिना सर्वांत चांगला. वादळांचा हंगाम संपलेला असतो, हवा कोरडी व थंड होऊ लागते आणि डिसेंबर-जानेवारीतल्या युरोपीय पाहुण्यांची गर्दी नसल्याने घरमालक भाड्याविषयी बोलायला तयार असतात. मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचवते. पहिल्या महिन्यापुरते सुसज्ज घर घ्यावे, त्या काळात पठार आणि किनारा दोन्हीकडची घरे प्रत्यक्ष पाहावीत, शक्य असल्यास त्यांतले पसंतीचे घर एकदा पावसाच्या दिवशी पाहावे आणि मगच उरलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर सही करावी.